बालपणीची अतिचंचलता आणि प्रौढपणीचे जीवन

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या बालकांची तपासणी करून ज्या आरोग्यविषयक दोषांचा शोध घ्यावयाचा, त्यांच्या यादीत एक नाव सर्वसामान्यांस फारसे परिचित नव्हते. ते म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘एडीएचडी’ म्हणून ओळखला जातो. ‘मूल द्वाड आहे, मोठे झाले की सुधारेल’ असे म्हणून घरी आणि शाळेत ज्याची बोळवण होते, त्याची शासनाने आरोग्याचा प्रश्न म्हणून दखल घेतली, ही लक्षणीय बाब होय. तथापि अठरा वर्षांनंतर या मुलांचे काय होते?

या विकाराचे निदान रक्ततपासणीने होत नाही. अवधान टिकवता न येणे, सतत चुळबूळ आणि विचार करण्यापूर्वीच कृती करणे ही लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात. ती वयाच्या बारा वर्षांपूर्वी सुरू झालेली असावीत आणि शाळा व घर अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत, असा दंडक आहे. विकाराचा आनुवंशिक अंश मोठा आहे. आईवडिलांचे लाड वा शिस्तीचा अभाव हे त्याचे कारण नव्हे. जगभरातील पाहण्यांनुसार सुमारे ५ टक्के मुलांत तो आढळतो. ज्या मुली दंगा करीत नाहीत, केवळ हरवल्यासारख्या बसून राहतात, त्यांचे निदान बहुधा राहूनच जाते.

पाठपुराव्यातील निष्कर्ष

न्यूयॉर्क येथे बालपणी निदान झालेल्या मुलग्यांचा ३३ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी ४१ व्या वर्षी त्यांचे शिक्षण तुलना-गटापेक्षा सुमारे अडीच वर्षांनी कमी होते. उत्पन्न कमी आणि घटस्फोट अधिक होते. पूर्ण विकार मात्र सुमारे २२ टक्के व्यक्तींमध्येच शिल्लक होता. म्हणजे लक्षणे ओसरली तरी बुडालेली शैक्षणिक वर्षे परत आली नाहीत. अमेरिकेतीलच २०१४ च्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात अशा व्यक्तींच्या रोजगाराचे प्रमाण किमान १० टक्के-बिंदूंनी आणि कमाई सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळली. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवरील २०१५ च्या अभ्यासात मृत्युदर दर दहा हजार व्यक्ति-वर्षांमागे ५.८५ होता, तर इतरांत तो २.२१ होता, मृत्यूंत अपघातांचा वाटा मोठा होता. धोका वाढतो, पण मुळात तो अल्प आहे, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

हे आकडे भारतास जसेच्या तसे लागू करणे योग्य ठरणार नाही. न्यूयॉर्कच्या अभ्यासातील सर्व मुले श्वेतवर्णीय होती आणि चिकित्सालयातून निवडलेली होती. परंतु नुकसान ज्या मार्गाने होते, तो आपल्याकडेही ओळखीचा आहे. अपुरा गृहपाठ, अर्धवट सोडविलेली उत्तरपत्रिका, ‘उनाड’ हा शिक्का, दहावीत अपयश आणि मग हाती येईल ते काम. जेथे एका परीक्षेवर पुढील वाट ठरते, तेथे तीन तास लक्ष न टिकण्याची किंमत मोठी असते.

सवलती व कायदा

महाराष्ट्राने १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत वाढीव वेळ व अन्य सवलती देण्यास आरंभ केला. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या महापालिका रुग्णालयांतून त्यासाठी प्रमाणपत्रे दिली जाऊ लागली. अध्ययन अक्षमता व अवधान-न्यूनता अनेकदा एकत्र आढळतात. त्यामुळे अनेक अतिचंचल मुले प्रथम याच मार्गाने तज्ज्ञांपर्यंत पोहोचली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता आहेत, पण या विकाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या निकषापुरती सीमित ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला. मात्र तो खटला लेखनातील शारीरिक अडचणीचा होता.

उपचारांत औषधे, वर्तन-प्रशिक्षण आणि शिक्षकांचे सहकार्य यांचा समावेश होतो. स्वीडनमधील २०१२ च्या अभ्यासात औषधोपचार चालू असलेल्या काळात पुरुषांतील गुन्ह्यांचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी कमी आढळले. उपचार मध्येच सुटणे हीच बहुतेक ठिकाणची अडचण आहे आणि ती विशेषतः शाळा सुटण्याच्या वयात उद्भवते. तेव्हा बालरोगतज्ज्ञाचे काम संपते, पण पुढे मनोविकारतज्ज्ञाकडे रुग्ण सोपविण्याची घडी बसलेली नसते.

पंचविशीत प्रथमच तज्ज्ञाकडे जाणाऱ्यास बारा वर्षांपूर्वीच्या लक्षणांचा पुरावा विचारला जातो. जुनी प्रगतिपुस्तके व आईवडिलांची आठवण एवढेच त्याच्या हाती असते. बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणीची नोंद जपून ठेवली गेल्यास हा पुरावा त्याला आयताच मिळू शकेल.