समुद्रपातळीतील बदल आणि चुनखडकाची निर्मिती : मुंबई हाय क्षेत्राच्या संदर्भात

प्रस्तावना :
मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, अरबी समुद्राच्या तळाखाली १९७४ मध्ये खनिज तेलाचा शोध लागला व १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्राची भूमी मुख्यतः बेसाल्टची. हे तेल मात्र प्रामुख्याने चुनखडकात साठलेले आहे. वरकरणी घट्ट भासणाऱ्या या खडकात तेलास जागा कशी मिळाली, याचे उत्तर बऱ्याच अंशी समुद्रपातळीच्या चढउतारात सापडते. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे विवेचन केले आहे.

कार्बोनेट खनिजे :
कॅल्साईट, ॲरागोनाईट व डोलोमाईट ही यातील प्रमुख खनिजे होत. पहिली दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच रूपे असली तरी त्यांची स्फटिकरचना भिन्न आहे. ॲरागोनाईट कमी स्थिर असून अधिक सहज विरघळते. डोलोमाईटमध्ये कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असते. आजच्या प्रवाळांचे सांगाडे ॲरागोनाईटचे, तर बहुतेक फोरामिनिफेरांची कवचे कॅल्साईटची असतात.

समुद्रपातळीचा परिणाम :
उबदार, उथळ व स्वच्छ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो. तेथे वाढणाऱ्या शैवालांच्या व प्राण्यांच्या अवशेषांपासून चुनामय गाळ साचतो. पातळी सावकाश वाढल्यास गाळाची भर तिच्याशी बरोबरी राखते व जाड थर तयार होतो. ती वेगाने वाढल्यास तळावरील प्रकाश कमी होऊन चुन्याची निर्मिती मंदावते आणि चिखल साचून शेलचा थर बनू शकतो. पातळी खालावल्यास मात्र चुन्याचा थर उघडा पडतो. कार्बन डायऑक्साईड विरघळलेले पावसाचे सौम्य आम्लधर्मी पाणी ॲरागोनाईट विरघळवून पोकळ्या निर्माण करते. त्याच द्रावणातून अन्यत्र कॅल्साईट साचून काही छिद्रे बुजतातही.

मुंबई हायचे उदाहरण :
येथील 'एल-३' हा प्रमुख तेलसाठा सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीच्या, मायोसीन कालखंडातील चुनखडकात आहे. त्यात चुनखडक व शेलचे पातळ थर आलटून पालटून आढळतात. चुनखडकाचे थर वेळोवेळी उघडे पडल्याने त्यांत सच्छिद्रता निर्माण झाली. वरील शेलने तेलास झाकण पुरविले. मात्र सच्छिद्रता सर्वत्र सारखी नाही. परिणामी तेल बाहेर ढकलण्यासाठी सोडलेले पाणी अधिक पार्य थरांतून पुढे निघून जाते व घट्ट थरांतील तेल मागे राहते.

निष्कर्ष :
चुनखडकाचे मूल्य केवळ त्याच्या जाडीवरून ठरत नाही. समुद्र असताना काय साचले याबरोबरच, समुद्र ओसरल्यावर काय विरघळले, हेही तपासावे लागते. उर्वरित तेल मिळविण्याचे नियोजन या दुहेरी इतिहासाच्या आकलनावर अवलंबून आहे.