केसाहून पातळ दगड

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. दगडाशी माझा संबंध आला तो कवितेत, नाहीतर विहिरीत. १९७२ च्या दुष्काळात अब्बांनी सोलापूरकडच्या आमच्या शेतात विहीर खोदायला घेतली. तळाला काळा पाषाण लागला, सुरुंगांनाही दाद देईना. पाणी नाहीच. त्या तळाचा एक दगड अजून आमच्या उंबऱ्याशी पडून आहे. भाची भूविज्ञानात एम.एस्सी. करते. गेल्या वर्षी त्या दगडाचा तुकडा घेऊन मी तिच्याबरोबर विद्यापीठात गेलो.

प्रयोगशाळा म्हणजे चकचकीत यंत्रे, ही माझी समजूत. आधी पोचलो ते एका ओल्या, चिखलट खोलीत. हिऱ्याची धार असलेली चकती दगड कापत होती, वरून पाणी सुरू. निघालेली चीप घासून सपाट करायची, काचपट्टीवर चिकटवायची, पुन्हा घासायची. आधी भरड कार्बोरंडमने, मग बारीक. कुठवर? ०.०३ मिलिमीटर उरेपर्यंत! इतका पातळ झाला की काळा पाषाणही उजेड आरपार सोडतो. शेवटचा हात माणसाचाच. तिथल्या अण्णांनी ही काच तीनदा सूक्ष्मदर्शकाखाली धरली. स्फटिक पिवळट दिसले तर अजून जाड. करडे-पांढरे झाले की थांबायचे. जास्त घासले की दगडच नाहीसा.

इंग्लंडात शेफील्डच्या हेन्री सॉर्बीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अशा काचा केल्या, तेव्हा लोक त्याला हसले होते. डोंगर का कुणी सूक्ष्मदर्शकातून पाहतो?

मी पाहिला. या सूक्ष्मदर्शकात काचेच्या खाली एक आणि वर एक, असे दोन ध्रुवक असतात. ते एकमेकांना आडवे केले की नुसती काच काळीकुट्ट दिसते. दगडाचे स्फटिक मात्र उजळतात. प्लॅजिओक्लेजच्या पट्ट्यापट्ट्यांच्या काड्या, मध्ये ऑगाइटचे केशरी-निळे तुकडे, मॅग्नेटाइट काळेच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आमच्या उंबऱ्यावरचा!

"मामू, बघा, स्फटिक एकमेकांत कसे गुंतलेत," भाची म्हणाली, "पाण्याला जागाच नाही. अशा खडकात पाणी मिळतं ते भेगांतून. आणि भेग या काचेत दिसत नाही, ती शेतावर जाऊनच शोधावी लागते." अब्बांना हे सांगणारे तेव्हा कोणी नव्हते.

अण्णा पुढच्या वर्षी निवृत्त होतात. हाताखाली माणूस नाही. विभागात नवे क्ष-किरण यंत्र आले आहे, पण काच करणाऱ्याची जागा भरायची कुणाला घाई दिसली नाही. निघताना अण्णा भाचीला म्हणाले, "सोमवारपासून ये." ती जाते आहे. पहिल्या दोन काचा तिने पार घासून संपवल्या.