वर्दीचा दाखला

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की उमेदवारांच्या लष्करी सेवेची जुनी कागदपत्रं बाहेर निघतात. कोण व्हिएतनामला गेला, कोणी जाणं टाळलं, कोणाचं पदक खरं, कोणाची गैरहजेरी झाकली गेली, यावर महिनोन् महिने चर्चा झडतात. २००४ साली इराकमध्ये सैनिक मरत होते आणि देश मात्र भांडत होता तो १९६९ च्या मार्चमध्ये एका नदीवर गोळीबार झाला होता की नाही यावर. त्या गदारोळात एका मोठ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झालं आणि आजही होतं. नागरिकाला युद्धावर पाठवण्याचा, त्याच्या नोंदी ठेवण्याचा, त्या नोंदींबद्दल तो खोटं बोलला तर त्याला तुरुंगात टाकण्याचा सरकारला किती अधिकार असावा? सेवेच्या नोंदींबद्दलचे गैरसमज दूर झाल्याशिवाय या प्रश्नापर्यंत पोहोचताच येत नाही.

‘सरसेनापती व्हायचं तर सैन्यात काम केलेलं हवं’

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षच सरसेनापती असतो, पण त्या पदासाठी राज्यघटनेत अशी अट नाही. जन्मजात नागरिकत्व, वयाची ३५ वर्षं पूर्ण आणि देशात १४ वर्षांचं वास्तव्य, एवढंच तिथे लिहिलं आहे. दुसऱ्या महायुद्धाचं नेतृत्व करणारे फ्रँकलिन रूझवेल्ट कधीच सैन्यात नव्हते. सैन्याची सूत्रं निवडून आलेल्या नागरी नेत्याच्या हातात राहावीत, हा घटनाकारांचा हेतू होता.

‘जे व्हिएतनामला गेले नाहीत ते कायदा मोडून पळाले’

काही जण पळाले, कॅनडात गेले. काहींनी उघड नकार देऊन शिक्षा पत्करली. मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांनी २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये भरतीला नकार दिला. त्यांचं अजिंक्यपद हिरावलं गेलं आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा एकमताने रद्द केली. पण युद्धावर न गेलेल्यांपैकी बहुतेकांनी कायद्याने दिलेली सवलतच घेतली होती. कॉलेजात शिकणाऱ्याला मुदतवाढ मिळे, डॉक्टरचा दाखला असला तर सूट मिळे. पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले डिक चेनी यांना पाच वेळा मुदतवाढ मिळाली. जो बायडेन यांनाही शिक्षणासाठी पाच वेळा मिळाली आणि पुढे दम्याच्या कारणाने सूट मिळाली. डोनाल्ड ट्रम्प यांना शिक्षणासाठी चार वेळा आणि टाचेच्या हाडाच्या कारणाने एकदा. पक्ष कोणताही असो, वाट तीच होती.

माझा राग या माणसांपेक्षा त्या कायद्यावर जास्त आहे. ज्याच्या घरी कॉलेजची फी भरायची ऐपत होती त्याला कायद्याने वेळ दिला आणि गिरणीत किंवा शेतावर राबणाऱ्या मुलाला बोलावणं धाडलं. स्वातंत्र्याची ही वाटणी सरकारी शिक्क्यानिशी होत होती. ओरड वाढली तेव्हा १ डिसेंबर १९६९ रोजी सोडत काढण्यात आली. जन्मतारखांच्या ३६६ चिठ्ठ्या प्लास्टिकच्या निळ्या कुप्यांत घालून काचेच्या भांड्यात टाकल्या आणि एकेक कुपी उचलली. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. दूरचित्रवाणीवर सगळा देश बघत होता. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी आकडे तपासले तेव्हा लक्षात आलं की कुप्या नीट मिसळल्याच नव्हत्या. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांवर आधी पाळी येण्याचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे समान न्यायाचं आश्वासन देऊन केलेली सोडतही समान नव्हती.

‘सरकारी कागद आहे, म्हणजे सत्य आहे’

२००४ चा सगळा वाद या समजुतीवर उभा होता, म्हणून इथे जरा सविस्तर बघू.

२००४ साली राष्ट्राध्यक्ष असलेले आणि पुन्हा निवडणूक लढवणारे जॉर्ज डब्ल्यू. बुश १९६८ च्या मेमध्ये टेक्सास एअर नॅशनल गार्डमध्ये दाखल झाले. ह्यूस्टनजवळच्या एलिंग्टन तळावरून ते एफ-१०२ जातीची विमानं उडवत. गार्डमध्ये जागा मिळाली की व्हिएतनामला जाण्याची शक्यता फार कमी होई, म्हणून तिथे जागेसाठी रांगा असत. १९७२ च्या एप्रिलनंतर त्यांचं उड्डाण थांबलं. ते एका निवडणूक प्रचारासाठी अलाबामाला गेले, वैमानिकांची वार्षिक वैद्यकीय तपासणी त्यांनी करून घेतली नाही आणि ऑगस्टमध्ये त्यांची उड्डाणाची परवानगी काढून घेण्यात आली. मे १९७३ च्या वार्षिक मूल्यमापनात वरिष्ठांनी लिहिलं की अहवालाच्या काळात हे अधिकारी या तुकडीत दिसलेले नाहीत. दुसऱ्या बाजूला, ऑक्टोबर १९७३ मध्ये त्यांना सन्मानपूर्वक सेवामुक्त केल्याची नोंद आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये व्हाइट हाउसने शेकडो पानं प्रसिद्ध केली. ते अलाबामात हजर होते याचा पुरावा म्हणून त्यात पुढे आलं ते ६ जानेवारी १९७३ रोजी माँटगोमेरीच्या डॅनेली तळावर झालेल्या दंततपासणीचं कार्ड. माणूस त्या दिवशी तळावर होता, एवढं त्या कार्डाने दाखवलं. बाकीच्या महिन्यांबद्दल ते काही सांगू शकत नव्हतं.

मग ८ सप्टेंबरला सीबीएस वाहिनीने बुश यांचे तेव्हाचे कमांडर जेरी किलियन यांच्या नावाची टिपणं दाखवली. किलियन १९८४ सालीच वारले होते. काही तासांतच अक्षरांच्या वळणावरून आणि मधल्या अंतरावरून शंका निघाल्या. हे सत्तरच्या दशकातल्या टंकलेखन यंत्राचं काम दिसत नाही, संगणकाचं दिसतं, असं जाणकार म्हणू लागले. टिपणं पुरवणाऱ्या निवृत्त गार्ड अधिकाऱ्याने ती कुठून मिळाली याबद्दल आपण खोटं बोललो हे कबूल केलं. २० सप्टेंबरला वाहिनीने जाहीर केलं की ही टिपणं अस्सल असल्याचं आपल्याला सिद्ध करता येत नाही. वृत्तनिर्मातीची नोकरी गेली आणि पुढच्या मार्चमध्ये डॅन रादर निवेदकाच्या खुर्चीवरून उतरले. त्या काळी किलियन यांच्या कचेरीत काम करणाऱ्या सचिव बाईंनी सांगितलं की ही टिपणं मी टाइप केलेली नाहीत, पण त्यातलं म्हणणं किलियन यांचंच वाटतं. तोवर ते ऐकायला कोणी थांबलं नव्हतं. संशयास्पद कागदाने खऱ्या प्रश्नाचाही गळा घोटला. एक वर्ष हा अधिकारी कुठे होता, हे विचारणंच त्यानंतर अवघड झालं.

त्या निवडणुकीत बुश यांच्याविरुद्ध उभे असलेले जॉन केरी यांच्या बाबतीत उलटं घडलं. त्यांचे कागद भक्कम होते: एक सिल्व्हर स्टार, एक ब्राँझ स्टार, तीन पर्पल हार्ट. मेकाँग खोऱ्यातल्या नद्यांवर स्विफ्ट बोटींवर त्यांनी चार महिने काढले. १३ मार्च १९६९ रोजी पाण्यात पडलेल्या जिम रासमन या सैनिकाला त्यांनी ओढून वर घेतलं, त्याबद्दल ब्राँझ स्टार. २००४ च्या ऑगस्टमध्ये काही माजी नौसैनिकांनी जाहिराती काढल्या की त्या दिवशी शत्रूचा गोळीबार झालाच नव्हता. असं म्हणणाऱ्यांपैकी दुसऱ्या एका बोटीच्या अधिकाऱ्यालाही त्याच प्रसंगासाठी ब्राँझ स्टार मिळाला होता. वॉशिंग्टन पोस्टने तिथल्या माहितीच्या अधिकाराखाली त्याची कागदपत्रं मिळवली, तर त्याच्याच गौरवपत्रात शत्रूच्या गोळीबाराचा उल्लेख निघाला. सप्टेंबरमध्ये नौदलाच्या महानिरीक्षकांनीही केरी यांची पदकं रीतसर दिली गेल्याचा निर्वाळा दिला. पण जाहिरातींचं काम होऊन गेलं होतं. आपली सगळी फाइल पाहायला परवानगी देणाऱ्या अर्जावर केरी यांनी सही केली ती मे २००५ मध्ये, निवडणूक हरल्यावर. फाइलमध्ये, पुढे त्यांच्यावर टीका करणाऱ्या काही अधिकाऱ्यांनीच त्या काळी लिहिलेली स्तुती होती. ती सही त्यांनी वर्षभर आधी करायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. मतदाराला ते कागद मतदानाआधी हवे होते.

याच्या जोडीला आणखी एक ऐकीव गोष्ट असते: ‘माझी फाइल सेंट लुइसच्या आगीत जळाली.’ आग खरी आहे. १२ जुलै १९७३ रोजी राष्ट्रीय कर्मचारी नोंद केंद्राच्या इमारतीत ती लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली गेल्या. त्यांच्या प्रती नव्हत्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात गेल्या, शिवाय १९४७ ते १९६४ मधल्या हवाई दलाच्या बऱ्याच. म्हाताऱ्या सैनिकांना पेन्शनसाठी आणि उपचारांसाठी पगाराच्या पावत्यांवरून, इस्पितळाच्या नोंदींवरून आपली सेवा पुन्हा सिद्ध करावी लागली. त्यांचं दुःख मोठं आहे. पण नौदल आणि मरीन कोअरच्या फाइली त्या जळलेल्यांत नव्हत्या. व्हिएतनामच्या काळात मरीनमध्ये होतो आणि कागद आगीत गेले असं कोणी सांगितलं, तर त्याला पुढचा प्रश्न विचारावाच.

‘खोटं पदक मिरवलं की तुरुंग ठरलेला’

काही वर्षं तसा कायदा होता. २००६ च्या डिसेंबरमध्ये बुश यांच्या सहीने तो अमलात आला. न मिळालेलं लष्करी पदक मिळाल्याचं नुसतं तोंडाने सांगितलं तरी गुन्हा. कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळावर निवडून आलेले झेवियर अल्वारेझ २००७ साली सभेत म्हणाले, मी मरीनमध्ये २५ वर्षं होतो आणि मला मेडल ऑफ ऑनर मिळालं आहे. दोन्ही धादांत खोटं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ जून २०१२ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने तो कायदाच रद्द केला.

हा निकाल ऐकून अनेक माजी सैनिक दुखावले, आणि ते समजण्यासारखं आहे. पण निकालामागचा विचार मला पटतो. न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलं त्याचा आशय असा, की एखादी गोष्ट खोटी आहे एवढ्याच कारणावरून ती बोलणं गुन्हा ठरवण्याची मुभा सरकारला दिली, तर उद्या शिक्षा करायच्या विषयांची यादी कुठे थांबेल हे सांगता येणार नाही. त्यांनी ऑर्वेलच्या कादंबरीतल्या सत्य मंत्रालयाची आठवण करून दिली. खोट्याला उत्तर खऱ्याने द्यावं, पदकविजेत्यांची यादी लोकांसमोर ठेवावी म्हणजे कोणालाही पडताळता येईल, असंही सुचवलं. पेंटागॉनने त्याच वर्षी जुलैमध्ये तसं संकेतस्थळ सुरू केलं. २०१३ साली नवा कायदा आला, तो मर्यादित आहे. खोट्या पदकाच्या आधारे पैसा किंवा दुसरा ठोस लाभ उकळण्याचा हेतू असेल तरच गुन्हा. सरकारच्या हातात बेड्या देण्यापेक्षा लोकांच्या हातात यादी देणं चांगलं, ही दिशा मला योग्य वाटते.

मात्र म्हणून कोणाचीही फाइल कोणीही उघडू शकतो असं नाही. सेवाकाळ, हुद्दा, नेमणुका, पदकं एवढी माहिती मागता येते. वैद्यकीय नोंदी आणि बाकीचा मजकूर त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय मिळत नाही. सेवा संपून ६२ वर्षं झाली की फाइल सगळ्यांसाठी खुली होते.

‘ज्याने रक्त सांडलं त्याच्या देशभक्तीवर कोणी बोट ठेवत नाही’

मॅक्स क्लीलँड यांनी १९६८ साली व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावला. पुढे ते जॉर्जियाचे सिनेटर झाले. २००२ च्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध जाहिरात निघाली, तिच्यात ओसामा बिन लादेन आणि सद्दाम हुसेन यांची चित्रं होती. मुद्दा काय होता? नव्या गृहसुरक्षा खात्याच्या काही तरतुदींविरुद्ध त्यांनी मत दिलं होतं. त्यामागे खात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे हक्क राष्ट्राध्यक्षांनी किती कमी करावेत हा वाद होता. म्हणजे प्रश्न सरळसरळ सरकारी अधिकाराच्या मर्यादेचा होता, आणि त्याचं उत्तर देशद्रोहाच्या सूचनेने दिलं गेलं. क्लीलँड हरले. त्यांना हरवणारे सॅक्सबी चँब्लिस सैन्यात नव्हते.

त्याच्या आदल्या वर्षी, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी, राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याचा अधिकार देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ मतांनी संमत झाला. विरोधातलं ते एकच मत बार्बरा ली यांचं होतं. त्या सैन्यात नव्हत्या, लष्करी अधिकाऱ्याच्या कन्या होत्या. हा कोरा धनादेश आहे असा त्यांचा आक्षेप होता, आणि त्यानंतर एकामागून एक राष्ट्राध्यक्षांनी तो ठराव अफगाणिस्तानच्या कितीतरी पलीकडे वापरला. कोणता खासदार सत्तेला कुठे अडवेल, हे सेवेच्या फाइलमध्ये शोधून सापडत नाही. त्याने दिलेली मतं बघावी लागतात.

‘सक्तीची भरती १९७३ सालीच संपली’

भरती थांबली, अधिकार संपला नाही. १९१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची भरती घटनेत बसते असा निकाल दिला. ही गुलामगिरीच आहे हा युक्तिवाद तेव्हा फेटाळला गेला, आणि तो निकाल आजही उभा आहे. नावनोंदणी १९८० साली जिमी कार्टर यांनी पुन्हा सुरू केली. प्रत्यक्ष भरतीसाठी काँग्रेसला नवा कायदा करावा लागेल, पण नावांची यादी सरकारकडे तयार असते.

अमेरिकेतल्या मराठी घरांनी हे नीट समजून घ्यावं. ही नोंदणी फक्त नागरिकांसाठी आहे असा समज आहे, तो चुकीचा आहे. १८ ते २५ वयाचा ग्रीन कार्डधारक मुलगाही तिच्या कक्षेत येतो. वैध विद्यार्थी व्हिसावर किंवा आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून राहणारा मुलगा तो दर्जा टिकेपर्यंत येत नाही. मुली येत नाहीत. हा भेद १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. नोंद न करणं कायद्याने गुन्हा आहे. खटले फार वर्षांत झालेले नसले, तरी नागरिकत्वाच्या अर्जात या नोंदणीबद्दल प्रश्न विचारलेला असतो, आणि तिथे उत्तर द्यावंच लागतं.