अनुभव मनात कसा राहतो?

सकाळी शिकविलेला पाठ सायंकाळी विचारला असता मुलगा खाली मान घालून उभा राहतो. महाशिवरात्रीला औंढा नागनाथच्या यात्रेत काय पाहिले, असे विचारताच तोच मुलगा अखंड बोलू लागतो. मग त्याची स्मरणशक्ती मंद आहे, असे कसे म्हणावे? अनुभव मनात कोणत्या रीतीने राहतो हे शिक्षकाने जाणून घेतले, तर या प्रश्नाचे उत्तर मिळते आणि वर्गात नकळत घडणारा एक अन्यायही टळतो.

स्मृतीचे तीन टप्पे मानले जातात : ग्रहण, धारणा आणि स्मरण. ग्रहण हे अवधानावर अवलंबून असते. उपाशी किंवा पेंगुळलेले मूल पाठ विसरले असे म्हणणे योग्य नव्हे. त्याने तो घेतलेलाच नसतो. धारणा म्हणजे कोठारात पोते रचून ठेवणेही नव्हे. मेंदूत कानशिलांच्या आतल्या बाजूस हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग आहे. एकाच प्रसंगातील स्थळ, माणसे, आवाज व वास यांची सांगड घालण्याचे काम तो करतो. पुढे झोपेत ही सांगड अधिक पक्की होत जाते. यात्रेतील पाळणा, ढोलाचा नाद, हातून सुटलेले आईचे बोट आणि त्या वेळची भीती या साऱ्या गाठी एकमेकींत गुंतलेल्या असतात; कोणतेही एक टोक ओढले की सारा प्रसंग वर येतो. केवळ पाठ म्हटलेल्या वाक्याला मात्र एकच धागा असतो.

मन नव्या अनुभवाची मांडणी जुन्याच्या आधारे करते. दर आठवड्याच्या बाजाराच्या आठवणी एकमेकींत मिसळून 'बाजार' असा एक सर्वसाधारण ठसा उरतो. आठवताना मन याच ठशावरून प्रसंग पुन्हा उभा करते. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे दाखवून दिले. अमेरिकेतील आदिवासींची एक कथा वाचून ती पुन्हा सांगताना वाचकांनी अपरिचित बनावटीच्या नावेची साधी होडी केली आणि सील या प्राण्याच्या शिकारीची मासेमारी केली. त्यांच्या मनात खोटे सांगण्याचा हेतू नव्हता. म्हणून मुलाने गेल्या बाजारात न घडलेली गोष्ट सांगितली, तर त्याला लबाड ठरविण्याची घाई करू नये.

हे भान मराठीला नवे नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी नागदेवाचार्य व इतर अनुयायी यांना विचारून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. त्या ग्रंथात प्रसंग स्थळाच्या व प्रवासाच्या क्रमाने येतात आणि एकाच प्रसंगाचे निरनिराळे पाठही नोंदलेले आढळतात.

आता विस्मृतीविषयी. जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून केलेले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. विस्मरण पहिल्या काही तासांत अतिशय वेगाने होते व पुढे मंदावते, असे त्यांना दिसले. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, तीच अक्षरे पुन्हा पाठ करताना एक दिवसानंतर सुमारे एकतृतीयांश श्रम वाचले आणि एकतीस दिवसांनंतरही सुमारे एकपंचमांश वाचले. आठवत नाही याचा अर्थ मनातून सर्व गेले असा होत नाही.

हिंगोली जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलीला परत आल्यावर हातच्याची वजाबाकी जमत नाही. 'सर्व विसरली' असा शेरा मिळून ती लहान मुलांत बसविली जाते आणि तेथेच तिचे शाळेवरचे मन उडते. वस्तुतः तिचे शिक्षण पुसले गेलेले नसते. ते झाकले गेलेले असते. आधी शिकलेले ती पहिल्यापेक्षा कमी वेळात पुन्हा शिकू शकते.

यासाठी शिक्षकाने काही पथ्ये पाळावीत. परतलेल्या मुलाची पहिल्याच दिवशी परीक्षा घेऊ नये. फडात दिवसाला किती मोळ्या बांधल्या जात, गाडीत किती मावत, हे त्याच्याकडून ऐकावे आणि त्याच आकड्यांवर गणित मांडावे. उत्तर दाखविण्यापूर्वी त्याला आठवू द्यावे. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र तो आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून नवा पाठ त्याच दिवशी, दोन दिवसांनी, आठवड्याने व महिन्याने थोडा थोडा आठवून घ्यावा.

विसरलेल्या मुलाला शिक्षा करण्याने त्याच्या स्मृतीत एकच गोष्ट पक्की होते, ती म्हणजे शिक्षा. त्याऐवजी आठवणीचे एक टोक शिक्षकाने त्याच्या हाती द्यावे. उरलेला धागा ते मूल स्वतः ओढून काढील.