नेटवर्क तुटलं तरी उरणारी तार

१९ जुलै २०२४ रोजी मुंबई विमानतळावर चेक-इनच्या रांगा वाढत गेल्या. देशातल्या काही विमानतळांवर तर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यायची वेळ आली. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभरच्या संगणकांत गेली होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना तिचा फटका बसला. उपाय तसा सोपा होता: संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा आणि ती फाइल काढून टाकायची. पण ज्या संगणकाला ना पडदा ना कीबोर्ड, त्याच्यापुढे बसायचं कसं?

असे संगणक आपल्या रोजच्या वापरात आहेत. भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीला, तानसा नदीकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांवर निघालेला माणूस मोबाइलवर रस्ता पाहतो, राहायला खोली शोधतो. त्याची प्रत्येक विचारणा कुठल्या ना कुठल्या डेटा सेंटरमध्ये पोहोचते. याच ठाणे जिल्ह्यात ऐरोली परिसरात अशी मोठी केंद्रं आहेत. तिथल्या एकेका सर्व्हरवर हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर प्रोसेसर आणि मेमरीची वाटणी करून अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्रं, चालवतं. प्रत्येक यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी असते आणि आपण स्वतंत्र संगणकावर आहोत असंच धरून ती चालते.

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम असलेल्या यंत्रात शिरायचा नेहमीचा रस्ता म्हणजे एसएसएच. तो नेटवर्कवरून जातो, त्यामुळे यंत्र पूर्ण सुरू झालेलं असावं लागतं, त्याचा पत्ता बरोबर असावा लागतो आणि फायरवॉलने वाट द्यावी लागते. डिस्कच्या यादीत एक ओळ चुकली तरी लिनक्स सुरू होतानाच आपत्कालीन स्थितीत थांबू शकतं. पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला की पलीकडच्या गावाची खबर मिळत नाही, तशी अभियंत्याची गत होते. संपर्क होत नाही एवढंच कळतं. कारण कळत नाही.

अशा वेळी उपयोगी पडतो सिरियल कन्सोल. त्याचं मूळ टेलिप्रिंटरच्या काळात आहे. आरएस-२३२ हे सिरियल जोडणीचं मानक १९६० सालचं. बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत होतं तेव्हा वापरात असलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला जेमतेम १० अक्षरं छापायचं. एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवायचे, एवढीच ती पद्धत. ना पत्ता लागतो, ना राउटर. म्हणूनच संगणक सुरू होऊ लागताच, नेटवर्क जागं होण्याच्या कितीतरी आधी, ही तार बोलू लागते.

आभासी यंत्रात खरी तार नसते. हायपरव्हायजर सिरियल पोर्टच्या चिपचं हुबेहूब सोंग घेतो. यंत्राने तिथे लिहिलेली अक्षरं तो बाहेर काढून अभियंत्याच्या ब्राउझरपर्यंत पोहोचवतो आणि टंकलेली अक्षरं आत देतो. या वाटेत त्या यंत्राचं स्वतःचं नेटवर्क कुठेच येत नाही. अॅमेझॉनने आपल्या क्लाउडवर ही सोय मार्च २०२१ मध्ये दिली. मायक्रोसॉफ्टच्या अझूरवर ती आधीपासून होती. क्राउडस्ट्राइकच्या गोंधळात तिथली काही आभासी यंत्रं याच वाटेने सेफ मोडमध्ये नेता आली.

मात्र कन्सोल उघडला आणि पडदा कोराच राहिला, असं वारंवार होतं. तेव्हा क्रमाने तपासावं. आधी एंटर दाबावं. बऱ्याचदा लॉगिनची ओळ आधीच येऊन गेलेली असते, ती पुन्हा उमटते. तरीही काही दिसलं नाही, तर यंत्र रीस्टार्ट करून लक्ष ठेवावं. सुरू होतानाचे संदेश दिसले पण लॉगिन आलं नाही, तर त्या पोर्टवर लॉगिन विचारणारी गेटी ही सेवा बहुधा चालू नसते. संदेशही दिसले नाहीत, तर सिरियल पोर्टवर लिहायचं आहे हे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, सांगितलेलंच नसण्याची शक्यता मोठी. खऱ्या तारेवर वेडीवाकडी अक्षरं आली, तर दोन टोकांचा वेग जुळत नाही असं समजावं. आणि सगळं जुळूनही प्रवेश मिळेना, तर पासवर्ड पाहावा. क्लाउडवरची बरीच यंत्रं फक्त किल्लीच्या फाइलवर चालतात. कन्सोलला हवा असलेला पासवर्ड तिथे कोणी ठेवलेलाच नसतो.

यातल्या बहुतेक त्रुटी दुरुस्त करायला यंत्राच्या आतच जावं लागतं, आणि आत जाता येत नाही म्हणून तर कन्सोल उघडलेला असतो. पर्यायी वाटेने ऐन वेळी असा दगा देणं मोठ्या कंपन्यांनाही चुकलेलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा कंपनीचं मुख्य नेटवर्क गेलंच, शिवाय अडचणीसाठी राखलेली वेगळी वाटही चालली नाही. अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं.

म्हणून पर्यायी वाट कागदावर असून भागत नाही. सगळं सुरळीत असतानाच ती वापरून पाहायला हवी. नवं आभासी यंत्र कामाला लावण्याआधी त्याच्या कन्सोलवरून एकदा लॉगिन करावं, पासवर्ड जपून ठेवावा आणि ही वाट मोजक्याच माणसांच्या हाती द्यावी, कारण फायरवॉलचा पहारा तिला लागू होत नाही. रुग्णालयं, बँका, शाळांचे निकाल आणि शेतकऱ्यांचे सातबारे आता सर्व्हरवर आहेत. ते सांभाळणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने ही चाचणी कामाचा भाग मानली पाहिजे.