लंडन ते पॅरिस: विमान नक्की किती वेळ उडतं?

आजचा भाग छोटा आहे, कानात इअरफोन असतील तर चालता चालता ऐकून होईल.

लंडन ते पॅरिस हे सरळ रेषेतलं अंतर साधारण ३४४ किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरच्या हिशेबाने अर्धा तासही लागायला नको. मग तिकिटावर एक तास वीस मिनिटं का लिहिलेली असतात? कारण तो वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. हीथ्रोवर धावपट्टीपर्यंत रांगेत सरकत जायचं, वर चढायचं, आणि पुरता वेग धरतोय तोवर पॅरिससाठी खाली उतरायला सुरुवात. शिवाय उशीर झाला तर सांभाळून घ्यायला कंपन्या थोडी जास्तीची मिनिटं धरतातच. प्रत्यक्ष हवेत तुम्ही पाऊण तास वगैरे असता.

आता खरी गंमत घड्याळाची. समजा, लंडनहून सकाळी १० ला निघालात, तर तिकिटावर पोहोचायची वेळ दिसेल १२.२०. म्हणजे दोन तास वीस मिनिटं? नाही! पॅरिसचं घड्याळ एक तास पुढे आहे. येताना उलटं: पॅरिसहून १० ला निघा, लंडनला १०.२० ला हजर! दोन्हीकडची घड्याळं उन्हाळ्यात एकाच वेळी पुढे जातात, त्यामुळे हा एका तासाचा फरक वर्षभर तसाच राहतो.

खरं तर सूर्याच्या हिशेबाने पॅरिस ग्रिनिचच्या पुढे आहे फक्त ९ मिनिटं २१ सेकंद. मग अख्खा तास कुठून आला? १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं आणि शहराची घड्याळं बर्लिनच्या वेळेला लावली गेली. युद्ध संपलं, जर्मन गेले, पण फ्रान्स आजही मध्य युरोपच्याच वेळेवर चालतो.

बरं, विमानतळ म्हणजे शहर नव्हे. पॅरिस आग्नेयेला, पण हीथ्रो गाठायला आधी लंडनच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटर जायचं! मेट्रोने तासभर, तिथे दोन तास आधी हजेरी, मग विमान, पलीकडे पासपोर्टची रांग, आणि शार्ल द गोलहून शहरात यायला आणखी पाऊण तास. सगळं मिळून पाच तास कुठेच गेले नाहीत. युरोस्टार गाडी मात्र सेंट पँक्रासहून निघते आणि समुद्राखालच्या बोगद्यातून सव्वादोन-अडीच तासांत थेट गार द्यु नोर स्टेशनात, म्हणजे शहरातच. तासभर-दीड तास आधी जावं लागतं, तरी माझं मत गाडीलाच. फक्त तिकीट आधी काढा, ऐनवेळी फार महाग पडतं.

लंडनमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांपैकी काही जण पॅरिसहून मुंबईचं विमान स्वस्त मिळालं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढतात. तुम्हीही तसं करणार असाल तर मध्ये भरपूर तास ठेवा. बॅग तुम्हालाच उचलून पुन्हा जमा करावी लागू शकते. आणि बॅग घ्यायला बाहेर पडायचं म्हणजे फ्रान्समध्ये शिरणं आलं, त्याला भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा तिथे चालत नाही. युरोस्टारने गेलात तर फ्रेंच पोलीस पासपोर्ट लंडनच्या स्टेशनातच तपासतात, त्यामुळे व्हिसा नसेल तर गाडीपर्यंतही पोहोचता येणार नाही.