जबडा-मध्यकर्ण अस्थिबंध

खालच्या जबड्याचा सांधा आणि मध्यकर्णातील हातोडा हे हाड यांच्यामध्ये असलेल्या तंतुमय पट्ट्यांना जबडा-मध्यकर्ण अस्थिबंध म्हणतात. हे बंध आकाराने अगदी लहान असले तरी सस्तन प्राण्यांचा कान कोठून आला याची खूण त्यांत टिकून राहिली आहे.

रचना

जबड्याच्या सांध्यामागे शंखास्थीत एक अरुंद फट असते. सतराव्या शतकातील शरीररचनाशास्त्रज्ञ योहान ग्लासर यांच्या नावाने ती ओळखली जाते. जिभेच्या पुढील भागाची चव वाहून नेणारी चेता याच फटीतून जाते. हातोड्याच्या पुढील प्रवर्धापासून निघणारा बंध या फटीतून बाहेर पडून जतुकास्थीच्या कंटकाकडे जातो. तेथून जबड्याच्या आतील बाजूकडे जाणाऱ्या जतुक-अधोहनू बंधाशी त्याचे तंतू सलग असू शकतात. दुसरा बंध सांध्यातील चकतीच्या मागील व आतील भागापासून हातोड्यापर्यंत जातो. ओ. एफ. पिंटो यांनी १९६२ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘पिंटोचा बंध’ असेही म्हणतात. तो प्रत्येक व्यक्तीत सारखा ठळक नसतो.

उगम

गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा प्रवेशद्वाराने नागझिरा अभयारण्यात शिरल्यावर दिसणारे चितळ, रानगवा, अस्वल आणि त्यांना पाहायला आलेला माणूस या सर्वांच्या मध्यकर्णात हातोडा, ऐरण व रिकीब अशी तीन हाडे असतात. त्याच रानातील घोरपडीच्या किंवा मोराच्या मध्यकर्णात मात्र एकच हाड असते. उरलेली दोन गेली कोठे, असा प्रश्न साहजिक आहे. ती त्यांच्या जबड्यातच आहेत: सरपटणाऱ्या प्राण्यांत व पक्ष्यांत जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांनी बनतो, तीच सस्तन प्राण्यांत हातोडा व ऐरण झाली.

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल रायखर्ट यांनी १८३७ मध्ये भ्रूणांच्या अभ्यासावरून हा संबंध मांडला. भ्रूणाच्या खालच्या जबड्यात ‘मेकेलची कूर्चा’ नावाचा दांडा असतो. त्याचे मागचे टोक हातोडा बनते, मधला भाग विरतो आणि त्याच्या आवरणापासून वर सांगितलेला हातोड्याचा पुढचा बंध व जतुक-अधोहनू बंध तयार होतात. जबडा आणि कान एकेकाळी एकाच दांड्याने जोडलेले होते, त्या दांड्याचा हा अवशेष होय. पिंटोच्या बंधाचा उगम मात्र वादग्रस्त आहे. एका मतानुसार तो चर्वणाच्या एका स्नायूच्या कंडरेचा उरलेला भाग आहे. कांगारूसारख्या शिशुधानी प्राण्यांचे पिल्लू जन्मते तेव्हा जबड्याचा नवा सांधा तयार झालेला नसतो. आरंभी त्याचा जबडा जुन्या सांध्याच्या आधारानेच हलतो.

जीवाश्मांची साक्षही याला दुजोरा देते. मॉर्गन्युकोडॉन या प्राचीन प्राण्यात जुना व नवा असे दोन्ही सांधे शेजारीशेजारी आढळतात. चीनमधील यानोकोनोडॉनच्या (२००७) कानाची हाडे हाडमय झालेल्या मेकेलच्या कूर्चेने जबड्याला जोडलेलीच होती. या बाबतीत विदर्भही अगदीच दूर नाही. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाजवळच्या कोटा गावाचे नाव ज्या जुरासिक खडकांना मिळाले, त्यांतून १९८१ मध्ये कोटाथेरियम हाल्डेनी या सस्तन प्राण्याचे वर्णन झाले. तसेच, नागपूर परिसराच्या भूशास्त्राचा पाया घालणारे स्टीफन हिस्लॉप यांच्या नावावरून दख्खनच्या क्रिटेशस काळातील डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी याचे नामकरण १९८८ मध्ये झाले. असे अवशेष मुख्यतः सुट्या दातांचे असल्याने कानाविषयी त्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही.

वैद्यकीय महत्त्व

जबड्याच्या सांध्याच्या विकारात कान दुखणे, दडे बसणे किंवा कानात आवाज येणे अशी लक्षणे दिसतात, हे जेम्स कॉस्टन यांनी १९३४ मध्ये नोंदवले. त्यांचे शरीररचनाविषयक स्पष्टीकरण पुढे मागे पडले. नंतर या बंधांकडे बोट दाखवले गेले. परंतु मृतदेहांवरील प्रयोगांत चकती ओढली असता हातोडा क्वचितच हललेला दिसला. जबड्याचा सांधा व कानाचा काही भाग यांना संवेदना पुरवणारी चेता एकच असल्याने वेदना कानात जाणवते, हे स्पष्टीकरण अधिक सबळ वाटते.

कान तपासणीत निर्दोष असूनही दुखत असेल, तर तोंड, घसा व जबडा पाहणे आवश्यक असते, कारण तेथील कर्करोगाची वेदनाही कानात जाणवू शकते. विदर्भात खर्रा खाण्याची सवय मोठ्या प्रमाणावर असल्याने याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. सुपारीमुळे तोंडातील आवरण कठीण होऊन तोंड उघडेनासे होते. सांध्याच्या विकारातही तोंड कमी उघडते. दोहोंचे उपचार पूर्णतः वेगळे आहेत.